काठावर चालणारं इंजिन

पुंजाजी पट्टेबहादूर आगारातून निवृत्त झाले त्याला आता बरीच वर्षं झाली. तरी मंगरूळपीरच्या बसस्टँडवर चहाला उभे राहिले, की एखादा जुना ड्रायव्हर खिडकीतून हात काढून विचारतोच, "काय मिस्त्री, बरं हाय ना?" बसगाड्यांचं वायरिंग हे त्यांचं काम. दिवे, हॉर्न, वायपर, सेल्फ. तारेवर चालणारं जे काही गाडीत असेल ते सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. वाशीमला आयटीआय केलं, आगारात चिकटले आणि तिथंच केस पांढरे झाले. हाताला काळं लागल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागायचं नाही, असं त्यांच्या पत्नी बेबीताई म्हणायच्या, आणि ते खरंही होतं.

निवृत्तीनंतर त्यांनी घरापुढे टिनाचं छप्पर टाकलं. त्यांचं गाव मानोऱ्याच्या रस्त्याला. तिथं लोक फवारणीचे पंप घेऊन यायला लागले. मग मिक्सर आले, पंखे आले, विहिरीवरच्या मोटारींचे स्टार्टर आले. मुलगी धम्मदीपा अकोल्याला नर्स. ती सणावाराला यायची तेव्हा तिला बसायला खुर्ची मोकळी करावी लागायची.

"घरात माणसं दोन आन पंखे अकरा," बेबीताई म्हणायच्या. "त्यातला एकबी फिरत नाही."

पण त्या हे हसत म्हणायच्या. त्यांचं स्वतःचं चांगलं चाललेलं होतं. परसात मिरच्या आणि वांगी, दारात कोंबड्या, रविवारी विहारात वंदना आणि त्यानंतर बायांची बैठक. दोघांचं भांडण झालंच तर ते चहात साखर किती यावरून.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी देवमन मालवाहू ऑटो घेऊन दारात उभा राहिला. देवमन हा तळ्यावरच्या मच्छीमार सोसायटीचा माणूस, पुंजाजींहून पंधराएक वर्षांनी लहान. गावामागे पाटबंधाऱ्याचं मोठं तळं आहे, लोक त्याला धरणच म्हणतात. त्यात रोहू, कटला सोडतात आणि देवमनची माणसं जाळी टाकून काढतात. त्याची बायको भुरीबाई ती मासळी मंगरूळपीरच्या बाजारात विकते.

"जयभीम, पुंजाजीभाऊ."

"रामराम. काय आणलं बापा हे?"

ऑटोत पोत्यावर एक इंजिन आडवं पडलेलं होतं. वर डोक्यासारखं टोपण, मधे लांब मान आणि खाली पंखा. रंग कधीकाळी निळा असावा.

"बोटीचं इंजिन. मागं फळीले अडकवतात थे. सोसायटीनं लांबच्या एका धरणावरून जुनं घेतलं. दोन महिने चाललं, आन आता दोरी ओढून ओढून खांदा गेला, पण भडकतच नाही." देवमननं उजवा खांदा दाबून दाखवला. "जाळे पार त्या काठाले हायेत. वल्हवत जाऊन येईपर्यंत बाजार उठते. भुरी रोज बोलते मले."

पुंजाजींनी आयुष्यात बोटीचं इंजिन पाहिलेलं नव्हतं. पण टोपण काढल्यावर त्यांना ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. आत तर जुन्या मोपेडसारखंच सगळं. वर चाक, चाकाखाली चुंबक आणि कॉइल, एक प्लग, पेट्रोलमध्ये ऑइल घालून चालणारं साधं इंजिन. बॅटरी नाही. दोरी ओढली की चाक फिरतं, चाक फिरलं की कॉइलमध्ये वीज तयार होते आणि प्लगच्या टोकाला ठिणगी पडते. ठिणगी पडली तर इंजिन, नाही तर नुसतं लोखंड.

"ठेव इथं," ते म्हणाले. "आन चहा घे."

त्यांनी आधी प्लग काढला. काळा, तेलकट. तो साफ करून वायरच्या टोकाच्या टोपीत बसवला, इंजिनच्या अंगाला टेकवला आणि देवमनला दोरी ओढायला सांगितली. बेबीताई चहा घेऊन आल्या होत्या, त्याही वाकून पाहू लागल्या. टोकाला काहीतरी लालसर चमकलं आणि विझलं.

"पडली की," देवमन म्हणाला.

"पडली, पण जीव नाही तिच्यात. निळी पाह्यजे, कडक. टाळी वाजवल्यासारखी."

मग त्यांनी चाक खोललं. ते सहज निघालं नाही. तेल सोडलं, लाकडी ठोकळा लावून हलके ठोके दिले, दुपारपर्यंत वाट पाहिली, तेव्हा सुटलं. खाली पॉइंट होते, म्हणजे दोन बारीक टिकल्या, ज्या उघडमिट करून ठिणगीची वेळ सांभाळतात. त्यांच्यावर हिरवट थर चढला होता. पाण्याजवळचं यंत्र, दमट हवा. पुंजाजींनी पॉलिश पेपरच्या पट्टीनं दोन्ही टिकल्या घासून लख्ख केल्या, फट मापली, पुन्हा बसवली. टिकल्या जळू न देणारा कंडेन्सर मात्र गेलेला होता. तो दुसऱ्या दिवशी मंगरूळपीरला दर्ग्याच्या रस्त्यावर एका जुन्या दुकानात मोपेडचा मिळाला, थोडी पट्टी वाकवून नीट बसला.

इंजिन कोरडं चालवायचं नसतं, त्याला पाणी लागतं. म्हणून न्हाणीजवळचा मोठा ड्रम भरला, त्याच्या तोंडावर फळी बांधली आणि फळीला इंजिन अडकवलं. देवमननं दुसऱ्याच हिसक्याला ते सुरू केलं. पाणी उसळून बेबीताईंच्या मिरच्यांवर गेलं, कोंबड्या पळाल्या, शेजारची माणसं कुंपणाशी आली. निळा धूर अंगणभर पसरला. पुंजाजी त्या आवाजाकडे कान देऊन उभे होते. एकसारखा ठेका, कुठं अडखळणं नाही. त्या रात्री त्यांना छान झोप लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी देवमन ऑटो घेऊन परत आला.

"काय झालं?"

"काठावरून मस्त निघालं. अर्ध्या तळ्यात गेलो आन बंद. पार बंद. वल्हवत परत आलो. काठावर आणून पाह्यलं, तर लगेच सुरू."

पुंजाजींनी ड्रममध्ये लावून पाहिलं. सुरू झालं. चहा होईपर्यंत चालू ठेवलं, गरम होऊ दिलं. गरम झाल्यावर कॉइल दगा देते, हे त्यांना ठाऊक होतं. पण कॉइलनं दगा दिला नाही. तरी त्यांनी प्लग नवा टाकला, टोपी बदलली, जोड पुन्हा घट्ट केले आणि दिलं पाठवून. इंजिन पुन्हा आलं. तेच. काठावर चालतं, मधे बंद पडतं.

तिसऱ्या खेपेला देवमन जरा दबकत बोलला. "पुंजाजीभाऊ, एक सांगू का? बंद पडते थे एकाच ठिकाणी. पाण्यात बुडालेल्या जुन्या बाभळी हायेत ना, त्यांच्याजवळ. आमचे म्हातारे म्हणतात, जागा चांगली नाही. भुरीनं परवा नारळ टाकला तिथं."

"मंग? नारळानं काय झालं?"

"नारळ तरंगून राह्यला होता. इंजिन बंदच."

पुंजाजी हसले. देवमनही हसला, पण त्याच्या मनातून ती जागा गेलेली नव्हती.

तो गेल्यावर पुंजाजी बराच वेळ स्टुलावर बसून होते. काय करायला हवं ते त्यांना पक्कं माहीत होतं. आगारातही असंच व्हायचं. पोहरादेवीच्या यात्रेला जादा गाड्या सुटायच्या, तेव्हा एका गाडीचे दिवे खराब रस्त्यावर जायचे आणि आगारात आली की लख्ख लागायचे. बाकीचे ड्रायव्हरलाच हसायचे. पुंजाजी मात्र पान्हे घेऊन त्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसून पोहरादेवीला गेले, आणि रस्त्यातच त्यांना डॅशबोर्डामागचा सैल जोड सापडला. यंत्र जिथं बिघडतं तिथं जाऊन बघायचं. नव्या पोरांना त्यांनी हे कितीदा सांगितलं होतं.

पण इथं जायचं म्हणजे पाण्यात जायचं होतं.

पुंजाजींना पोहता येत नव्हतं. ते वाढले त्या गावात नदी नव्हती, ओढा दिवाळीला आटायचा. पोरं पोहायला शिकायची ती गावातल्या एका मोठ्या विहिरीत, आणि त्या विहिरीत त्यांच्या वस्तीतल्या पोरांनी उतरायचं नव्हतं. ते आणि त्यांचे सोबती लांब बांधावर बसून आतले धबाधब उड्यांचे आवाज ऐकायचे. पुढे ती बंदी गेली, विहीरही बुजली. पण तोवर पुंजाजींचं शिकायचं वय निघून गेलं होतं. पाणी म्हणजे बादलीतलं, एवढंच नातं राहिलं. गुडघ्याच्या वर पाणी आलं, की ते मागं फिरायचे. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगायची वेळच कधी आली नव्हती.

दोन दिवस ते इंजिनकडे पाहत राहिले. कधी प्लग काढायचा, कधी बसवायचा. बेबीताईंच्या ते लक्षात आलं.

"बोटीत बसून काहून नाही पाहत?" भाजी निवडता निवडता त्यांनी विचारलं.

"पाहतो ना. सवडीनं."

"सवडच हाय की. काय नोकरीवर जायचं हाय तुमाले?"

पुंजाजींनी हातातला प्लग खाली ठेवला. म्हणाले, "मले पाण्याचं जमत नाही वं."

बेबीताईंनी भाजी बाजूला ठेवली. हसल्या नाहीत. "मी येतो संग," त्या म्हणाल्या. "मले येते पोहता."

"तुले?"

"अडाण नदीच्या काठचं गाव माह्यं. आमी बाया धुणं धुवाले जायचो, आन धुणं वाळेपर्यंत पाण्यातच राहायचो. या काठावरून त्या काठावर जायची मी."

पुंजाजी बायकोकडे पाहतच राहिले. इतकी वर्षं संसार झाला, एक मुलगी मोठी होऊन कामाला लागली, आणि ही बाई नदी पार करायची हे त्यांना आज कळत होतं.

"सांगतलं नाही कधी."

"इथं कुठं नदी होती सांगाले?"

दुसऱ्या दिवशी सकाळी देवमनच्या ऑटोत इंजिन, अवजारांची पिशवी आणि नवराबायको असे सगळे तळ्यावर गेले. ऊन नुकतं वर आलेलं. पाण्यावर पातळ धुकं होतं आणि पलीकडच्या काठाला हरभऱ्याचे हिरवे पट्टे दिसत होते. भुरीबाई काठावर जाळ्यांचे फाटके भाग शिवत बसली होती.

"बेबीताई, तुमीबी चालल्या?"

"ह्यायले सोडून कसं राहू? पडलेबिडले तर?"

देवमननं शासनाकडून मिळालेलं फुगीर नारंगी जाकीट आणलं होतं. बेबीताईंनी ते पुंजाजींच्या अंगात घातलं आणि पट्टे आवळले, शाळेत जाणाऱ्या पोराला आवळावेत तसे. स्वतः मात्र पदर खोचून सरळ बोटीत पाय टाकला. बोट हलली, त्या हलल्या नाहीत.

इंजिन बोटीच्या मागच्या फळीला अडकवलं गेलं. ते बंद करायचं बटण आधीच्या मालकानं इंजिनवरून काढून बोटीच्या फळीवर लावता येईल असं लांब वायरला जोडलं होतं. मूळ बटण तुटलं असावं. दर वेळी इंजिन दुरुस्तीला न्यायचं तर देवमन ते बटण फळीवरून सोडवायचा आणि परत आणलं की पुन्हा स्क्रूनं बसवायचा. त्यानं ते आताही बसवलं, दोरी ओढली आणि बोट निघाली.

पुंजाजी मधल्या फळीवर बसले. दोन्ही हातांनी दोन कडा धरलेल्या, नजर समोर पलीकडच्या काठावर खिळलेली. पाणी बोटीच्या अंगाला थापट्या देत होतं. इंजिन सुरेख चाललं होतं आणि त्यांना मात्र ते लवकर बंद पडावं, काय ते कळावं आणि घरी जावं असं झालं होतं. बेबीताई त्यांच्यासमोर, मागच्या बाजूला तोंड करून बसल्या होत्या. त्यांनी एक हात पाण्यात सोडला होता.

"थंड हाय," त्या म्हणाल्या. "पण बरं वाटते."

बाभळींची काळी टोकं पाण्यातून वर आलेली दिसू लागली. जाळी त्यांच्या डाव्या अंगाला. देवमननं बोट वळवली आणि इंजिन एकदम बंद झालं. हळूहळू खोकत नाही, अडखळत नाही. दिवा मालवावा तसं.

"पाहा," देवमन म्हणाला. "हेच थे ठिकाण."

एकाएकी सगळं शांत झालं. बोट जागच्या जागी डुलायला लागली. पुंजाजींनी कडा आणखी घट्ट धरल्या. पण आता काम समोर होतं. त्यांनी एक हात कडेवरून सोडवला, मग दुसरा. गुडघ्यांवर सरकत मागे गेले, प्लग काढून इंजिनला टेकवला. देवमननं दोरी ओढली. ठिणगी नाही. लालसुद्धा नाही.

"आता सापडलं," पुंजाजी म्हणाले, आणि त्यांना खरंच आनंद झाला. जे आठवडाभर त्यांच्यापुढे आलंच नव्हतं, ते आता हाताशी होतं. त्यांनी सवयीनं तुटलेला जोड शोधायला सुरुवात केली. टोपी ओढून पाहिली, वायर हलवून पाहिली, कॉइलचं टोक चाचपलं. कुठं काही सैल नव्हतं. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला.

बेबीताई केव्हाच्या मागे पाहत होत्या.

"देवमनभाऊ," त्या म्हणाल्या, "तुमी मंगाशी थे हँडल आपल्याकडे ओढलं ना?"

"हाव. डावीकडे घ्यायचं म्हणजे तसंच ओढा लागते."

"तुमी ओढलं, तवा हा काळा वायर ताणला. गाईनं दावं ताणावं तसा. आन तवाच बंद पडलं."

पुंजाजींनी वायरकडे पाहिलं. इंजिनपासून फळीवरच्या बटणापर्यंत जाणारी ती लांब वायर घट्ट ताणलेली होती, आणि मधे इंजिन फळीला धरून ठेवणाऱ्या लोखंडी शिकंज्याच्या धारेवर बसली होती. इंजिन ज्या खुंटीवर वळायचं ती जड, एकदा वळवलं की ते तसंच राहायचं. त्यांनी बोटानं वायर उचलली. धारेवर बसायची तिथं प्लास्टिक झिजून आतलं तांबं उघडं पडलं होतं. बोटभरही नाही, तांदळाच्या दाण्याएवढं.

"वैनी, हे बंद करायचं वायर हाय," देवमन म्हणाला. "यानं कसं बंद पडन? बटण तर दाबलंच नाही मी."

पुंजाजी हसायला लागले. बोटीत आल्यापासून पहिल्यांदाच. "बटण काय करते, माहीत हाय? ह्या वायरले इंजिनच्या लोखंडाले टेकवते. टेकवलं की ठिणगी मरते. आता बटण न दाबताच टेकून राह्यलं. तू वळवतो, वायर ताणते, तांबं लोखंडाले लागते, खेळ खलास. काठावर आणलं की सरळ करतो, वायर ढिली पडते, चालू. आन माह्या ड्रममधे तर बटण नुसतं लोंबत होतं, मी कुठं वळवलं त्याले?" त्यांनी मान हलवली. "बसमधे वायर तुटली की काम थांबते. मी तुटलेलंच शोधत बसलो. अन् हे चिकटून बंद पडून राह्यलं."

त्यांनी हँडल सरळ केलं आणि दोरी ओढायला सांगितली. प्लगच्या टोकाला कडक निळी ठिणगी उडाली. हँडल वळवलं. नाही. सरळ केलं. पुन्हा निळी. देवमननं तीनदा करून पाहिलं, त्याचा विश्वासच बसेना. मग त्यानं बाभळींकडे एकदा पाहिलं.

पुंजाजींनी पिशवीतून सायकलच्या ट्यूबचा तुकडा काढला, उघड्या जागेवर गुंडाळला, वरून टेप मारली आणि वायर शिकंज्याच्या बाहेरून ढिली करून बांधली. "सध्या चालन. घरी आणशील तवा बटण इंजिनवरच बसवून देतो. ही लांब वायर पाह्यजेच कायले?"

इंजिन सुरू झालं. देवमननं डावीकडे वळवलं. चालू. उजवीकडे वळवलं. चालू. मग बाभळींना एक पूर्ण चक्कर मारली, मुद्दाम.

"चला, सोडतो तुमाले काठावर," तो म्हणाला.

पुंजाजी मधल्या फळीवर येऊन बसले होते. हात मांडीवर होते. ते कडेवर नाहीत हे त्यांच्या स्वतःच्याच ध्यानात आलं नव्हतं. त्यांनी बेबीताईंकडे पाहिलं. त्यांचा हात अजून पाण्यात होता आणि चेहऱ्यावर असं काही होतं, जे पुंजाजींनी मुलीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

"जाळ्याकडे घे," ते म्हणाले. "आलोच हावो तर मासे पाहू."

जाळी ओढायला बेबीताईंनी हात लावला. दोन मोठे कटला आणि पुष्कळ रोहू निघाले. परत आल्यावर भुरीबाईनं काठावरच तीन दगडांची चूल मांडली, मिरची वाटली आणि रस्सा केला. बेबीताईंनी घरून ज्वारीच्या भाकरी आणल्या होत्या. चौघं गोणपाटावर बसून जेवली. देवमन पैशाचं बोलायला लागला, तर पुंजाजींनी त्याच्या ताटात आणखी रस्सा वाढला. जेवण झाल्यावर दोघी बाया काठाकाठानं गेल्या, झाडीआड झाल्या, आणि थोड्या वेळानं पाण्यात हात मारल्याचा आवाज आणि भुरीबाईचं हसणं ऐकू आलं. बेबीताई ओल्या केसांनी परतल्या. पुंजाजींनी आपला गमछा पुढं केला.

रात्री धम्मदीपाचा फोन आला. "बाबा, आई म्हणते तुमी धरणात गेले. खरं हाय का?"

"खरं हाय. अन् तुह्या आईले पोहता येते, तुले माहीत हाय का?"

"मले कोणी सांगतलंच नाही," धम्मदीपा म्हणाली.

तेव्हापासून दर महिन्याला एकदा पुंजाजी तळ्यावर जातात. पॉइंट साफ करतात, प्लग पाहतात, पेट्रोलमध्ये ऑइल बरोबर पडतं की नाही त्यावरून देवमनशी थोडा वाद घालतात. पोहायला ते शिकलेले नाहीत आणि शिकणारही नाहीत, हे त्यांनी बेबीताईंना स्पष्ट सांगून टाकलं आहे. जाकीट घालूनच बसतात. पण बसतात.

परवा दुसऱ्या एका तळ्यावरचा सोसायटीवाला देवमनची ओळख सांगत आला. त्याचंही इंजिन मधेच बंद पडत होतं. पुंजाजींनी चष्मा पुसत सगळं ऐकून घेतलं.

"इंजिन इथं आणू नको," ते म्हणाले. "आमीच येतो तिकडे. बोटीत दोघायले जागा हाय ना?"

आतून बेबीताईंनी विचारलं, "केवढं हाय थे तळं?"

"लय मोठं हाय, मावशी," तो म्हणाला.

"मंग भाकरी जास्त करा लागन," बेबीताई म्हणाल्या, आणि पिठाचा डबा काढायला उठल्या.